हवापालट

हा अंक तीन महिने उशिरा येतो आहे. वर्गणीदारांच्या शिव्या पोचल्या. छापखान्याची उधारी हे नेहमीचं कारण होतंच. पण या वेळचं खरं कारण दुसरं आहे, आणि ते संपादकीयातच सांगायचं ठरवलं, कारण ते माझ्या एकट्याच्या घरचं नाही. माझा बाप मेला. वय अठ्ठावन्न. दम्यानं मेला असं लोक म्हणतात. मी म्हणतो, हवापालट करून मेला.

आमचं खानदान दगडाचं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात आज्जी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. सरकार सुकडी वाटायचं. लाखो माणसांनी त्या साली रस्त्याकडेला बसून दगडाची खडी केली. तोंडाला पदर, बस्स. बाप तेव्हा सहा वर्षांचा, खडीच्या ढिगाशेजारी झोपायचा. मग सगळे मुंबईत आले आणि घाटकोपरच्या डोंगरावर झोपडं घातलं. चांदिवलीच्या बाजूला तेव्हा खाणी होत्या, खडी मशिनी होत्या. पंधराव्या वर्षी बाप मशिनीवर लागला. गावात हातानं खडी, इथं मशिनीनं. संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांपासून पायापर्यंत पांढरा. आज्जी म्हणायची, पीठगिरणीतून आला का रं.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हे उपनगर ज्या खडीवर उभं आहे, ती कुणी फोडली याची पाटी कुठल्या बिल्डिंगवर नाही. वडारांनी फोडली, आदिवासींनी फोडली, आम्ही फोडली. खाणी बंद झाल्या, तिथं टॉवर आले. बाप नाक्यावर उभा राहायला लागला. डेब्रिज उचलायचा, सिमेंटच्या गोणी चढवायचा. विडीही ओढायचा. लपवत नाही. पण विडीचं नाव काढलं की डॉक्टर पुढं काही विचारतच नाहीत. पेपरवर लिहितात : धूम्रपान. खडी मशिनीची सोळा वर्षं त्या कागदावर कुठंच येत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्याला घाटकोपर स्टेशनचा पूल चढवेना. अर्ध्यावर कठडा धरून उभा राहायचा आणि खिशात काहीतरी शोधतोय असं दाखवायचा. लोकांना कळू नये म्हणून. मग एका सार्वजनिक हॉस्पिटलात दाखवलं. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका हॉस्पिटलचा नाही. रांग मोठी, डॉक्टर पोरगेला, माझ्याच वयाचा, डोळे जागरणानं लाल. त्यानं पंप लिहून दिला, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "यांना मुंबईची हवा मानवत नाही. गावी न्या. मोकळी हवा मिळेल."

दोस्तांनो, इथं मला एक कबुली द्यायची आहे. ते ऐकून मला बरं वाटलं. दहा बाय बाराची खोली. रात्रभर बापाचा खोकला. पहाटे साडेचारला उठून कुर्ल्याला हार्बर पकडायची, डॉकयार्ड रोडला उतरायचं, दिवसभर गोण्या उचलायच्या. झोप नाही. बहिणीचं बाळंतपण तोंडावर. डॉक्टरनं सांगितलं आणि मी मनात म्हणालो, चला, बापाला हवा आणि आम्हाला जागा. क्रांतीवर कविता लिहिणारा मी असा आहे. तुम्ही वेगळे असाल तर चांगलंच आहे.

गावी पोचवलं. जून महिना. आमचं घर वस्तीत, आणि वस्ती गावाच्या पूर्वेला. पुष्कळ जुन्या गावांत ती पूर्वेलाच असते, कारण वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. आमच्या अंगावरून आलेला वारा गावाला लागू नये म्हणून ही रचना, असं म्हातारी माणसं सांगायची. म्हणजे गावात हवासुद्धा आधी वाड्यांवरून जाते आणि उरलीसुरली आमच्याकडं येते. "मोकळी हवा" म्हणणाऱ्यानं कोणत्या गावातली, कोणत्या बाजूची, हे विचारलंच नव्हतं.

घर म्हणजे पत्र्याची एक खोली. खिडकी नाही. त्यातच चूल. पावसाळ्यात तुराट्या ओल्या, पऱ्हाट्या ओल्या, येडी बाभळ ओली, गोवऱ्या दमट. पेटत काही नाही, नुसतं धुमसतं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास खोलीत धूर. कोपऱ्यात लाल सिलिंडर होता. त्यावर गोधड्यांची घडी. चुलती म्हणाली, "पहिला फुकट आला. दुसरा भरायला पैसे कुणाचे?" उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली. कोट्यवधी घरांत शेगडी पोचली हे खरं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण २०२२ मध्ये सिलिंडर हजार रुपयांच्या वर गेला. नंतर थोडा खाली आला, अनुदानही वाढवलं. तरी पैसे एकदम मोजावे लागतात, आणि जिची मजुरी रोजची आहे तिच्याकडं एकदम हजार कधीच नसतात. सरपणाला पैसे लागत नाहीत, छाती लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या खेड्यांत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबं फक्त ४३ टक्के होती.

त्या चुलतीनं आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. तिचा खोकला बापाच्या खोकल्यासारखाच आहे. रात्री दोघं एकमेकांना उत्तर दिल्यासारखे खोकायचे. बाप मुंबईत दगड फोडून आला, ती गावात भाकरी थापत राहिली, आणि फुफ्फुसं एकाच भावानं गेली.

एकोणिसाव्या दिवशी पंप संपला. आरोग्य केंद्रात तो नव्हता. तिथं गोळ्या मिळाल्या, सुई मिळाली. सुई मारली की दोन दिवस बरं वाटायचं. तालुक्याला मेडिकल आहे, जीपनं जाऊन-येऊन एका माणसाची दिवसाची मजुरी जाते. चुलत्यानं मला फोनच केला नाही. पोरगं तिकडं राबतंय, कशाला त्रास, असं बापानंच सांगितलं होतं. मला फोन आला तो शेवटच्या रात्री. बाप स्वतः बोलला. "दम लागायलाय रे. पंखा लाव म्हनलं तर लाईट नाई." वाफ द्यायचं मशीन शेजाऱ्याकडून आणलं होतं. ते विजेवर चालतं. वीज पहाटे आली. बाप त्याआधी टमटममध्ये गेला, ग्रामीण रुग्णालयाच्या अलीकडं सात किलोमीटर.

रडगाणं संपलं. आता मुद्द्यावर येतो.

या रोगाला आपण सरसकट दमा म्हणतो. डॉक्टर सीओपीडी म्हणतात. दमा येतो आणि जातो. हा येतो आणि राहतो. श्वासाच्या नळ्या कायमच्या सुजतात, आकसतात. आतले हवेचे बारीक फुगे फाटून एक होतात. हवा आत जाते, बाहेर निघत नाही. माणूस भरलेल्या छातीनं गुदमरतो. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. पण वेळेवर ओळखलं, रोज पंप घेतला, धूर-धूळ तोडली, तर माणूस वर्षानुवर्षं जगतो, कामसुद्धा करतो. म्हणजे हा रोग किती लवकर मारणार, हे तुम्ही कुठं राहता आणि खिशात काय आहे यावर पुष्कळ ठरतं.

आकडे ऐका. लॅन्सेटच्या आरोग्य मासिकात २०१८ साली छापून आलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार १९९० साली भारतात या रोगाचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ साली ५ कोटी ५३ लाख. जगाची १८ टक्के माणसं भारतात, पण जुनाट श्वसनरोगांनी वाया जाणाऱ्या आयुष्याचा ३२ टक्के भार भारतावर. आमच्या वाट्याला जमीन कधी लोकसंख्येच्या प्रमाणात आली नाही. खोकला मात्र प्रमाणापेक्षा जास्त आला.

आणि हे फक्त विडी-सिगरेटचं काम नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि इंग्लंडचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली जगाला बजावून सांगितलं की कधीच न ओढणाऱ्यांनाही हा रोग मोठ्या प्रमाणात होतो. कारणं त्यांनी मोजून दाखवली : चुलीचा धूर, कामावरची धूळ, पूर्वी झालेला टीबी, लहानपणीचे छातीचे आजार, गरिबी. ही यादी पुन्हा वाचा. ही रोगाची यादी आहे की आपल्या वस्तीचा पत्ता?

माणसाचं फुफ्फुस विशी-पंचविशीपर्यंत वाढतं. मग उतरंड लागते, सगळ्यांचीच. पण ज्याचं फुफ्फुस पूर्ण वाढलं, त्याला उतरायला उंची असते. जो पोटात असताना आई अर्धपोटी होती, जो कमी वजनाचा जन्मला, ज्याला दोन वर्षांचा होईपर्यंत दोनदा न्यूमोनिया झाला, जो चुलीपाशी आईच्या मांडीवर वाढला, त्याचं फुफ्फुस मुळातच तोकडं राहतं. तो पंचविशीत उतरंडीला लागतो तेव्हाच निम्म्यावर असतो. वर खडी मशीन, वर टीबी, वर सिमेंट. टीबीच्या गोळ्यांचा कोर्स पुरा झाला की कार्डावर "बरा झाला" असा शिक्का बसतो. जंतू मेलेला असतो, पण छातीवर पडलेले व्रण तसेच राहतात. त्यांची नोंद कोण करतं?

म्हणून म्हणतो, जात फक्त दाखल्यावर नसते. ती फुफ्फुसातही उतरते. फुंकून बघायचं एक यंत्र असतं, स्पायरोमीटर. पहिल्या सेकंदात तुम्ही किती हवा बाहेर टाकता ते सांगतं. त्या एका सेकंदात तीन पिढ्यांचा हिशोब बाहेर पडतो.

आता त्या "मोकळ्या हवे"कडे येऊ. शहर घाणेरडं आणि गाव निर्मळ, ही कल्पना कुणाची? सुट्टीत गावी जाणाऱ्यांची. ज्यांच्या गावच्या घराला अंगण आहे, माडी आहे, वेगळं स्वयंपाकघर आहे, त्यांची. बाबासाहेबांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला खेड्याच्या या आरतीवर आसूड ओढला होता. ते जातीबद्दल बोलत होते, अज्ञानाबद्दल बोलत होते. आज हवेबद्दलही तेच बोलावं लागतंय. १९७० च्या दशकाच्या शेवटी केईएमच्या डॉ. कामतांच्या चमूनं लालबाग, चेंबूर, खार आणि एक खेडं अशी तुलना केली होती. लालबागची अवस्था वाईट निघाली, ते अपेक्षितच होतं. पण खेड्यातही जुनाट खोकला होता, आणि तो खारपेक्षा जास्त होता. म्हणजे हवा ही शहर-गावाची गोष्ट नाही. ज्याच्याकडे खिडकी आहे आणि ज्याच्याकडे नाही, त्यांच्यातली ती गोष्ट आहे.

मुंबईची तारीफ करत नाही. मुलुंडचं डम्पिंग २०१८ साली बंद झालं, तोवर त्याच्या कडेला कोण राहत होतं? देवनारला आजही कोण राहतं? २०१६ च्या जानेवारीत देवनारचं डम्पिंग पेटलं तेव्हा अख्ख्या शहराला धुराची आठवण झाली. त्याआधी तिथल्या लोकांचा धूर धूर नव्हता. विद्याविहारकडची तानसा पाइपलाइनवरची झोपडी पाडून माणसं माहुलला रिफायनरीच्या दारात नेऊन टाकली, ही तर अलीकडची गोष्ट. मुंबई आम्हाला धूर देते. पण मुंबईत हॉस्पिटल लोकलच्या अंतरावर आहे. गावात धूरही आहे आणि हॉस्पिटलही लांब.

खरी चलाखी पुढं आहे. गिरणीत कापसाच्या पुंजीनं छाती गेलेला कामगार कोकणात जाऊन मरायचा. १९८२ च्या संपानंतर तर गावाकडं गेलेल्यांची गणतीच नाही. खाणीतला मराठवाड्यात जाऊन मरतो, गोदीतला साताऱ्यात. भरपाईच्या कायद्यातल्या धंदेवाईक रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस आला, दगडाच्या धुळीचा सिलिकोसिस आला. यादी कागदावर. भरपाई मागायची तर मालक दाखवा, हजेरी दाखवा, डॉक्टरचा दाखला दाखवा. नाक्यावरच्या माणसाचा मालक कोण? आणि घरात किंवा टमटममध्ये मेलेल्या माणसाच्या मरणाचं कारण बहुतेक वेळा कुणी डॉक्टर लिहीतच नाही. गाव लिहितं : म्हातारा होता, दमा होता. मुंबईनं फुफ्फुस वापरलं आणि मढं गावाला धाडलं. मुंबईचं खातं स्वच्छ. हवापालट म्हणतात ती हीच. हवा बदलत नाही, जबाबदारी बदलते.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही २०१५ च्या सरकारी आकड्यांत मोठ्या शहरांत हा रोग ४.७ टक्के प्रौढांना, तर पार आडगावांत ८.२ टक्के. तिथल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी विडी-सिगरेटचा हिशोब बाजूला काढून पाहिलं, तरी गरिबी आणि खेड्यात राहणं ही दोन्ही आपापल्या परीनं धोका वाढवतात असं निघालं.

पण त्याच देशातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आपण त्यांचं नाव घेतलं, डरकाळी घेतली. त्यांचे दवाखाने घेतले का? ब्लॅक पँथरनं वस्त्यावस्त्यांतून फुकट दवाखाने चालवले. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोच्या पोरांची यंग लॉर्ड्स नावाची संघटना होती. आपल्याच वयाची पोरं. त्यांनी आधी घरोघर जाऊन टीबीच्या तपासण्या केल्या. छातीचे फोटो काढणारी सरकारी गाडी वस्तीत हवी तेव्हा येईना, म्हणून १९७० च्या जूनमध्ये त्यांनी ती गाडीच ताब्यात घेतली आणि वस्तीत आणून लोकांचे फोटो काढले. मोडतोड नाही, जाळपोळ नाही. मशीन लोकांपर्यंत नेलं, एवढंच. मला ही कविता वाटते. आपल्या अंकात छापलेल्या पुष्कळ कवितांपेक्षा चांगली. माझ्या धरून.

आपण धुरावर, आगीवर किती लिहिलं! पण चुलीपुढं बसलेल्या आपल्या आयांना आपण कधी विचारलं नाही, "जिना चढताना दम लागतो का?" मीटिंगला बसलो की सात पोरांत सहा विड्या. व्यवस्थेला शिव्या घालताना तोंडातून निघतो तो धूर कुणाच्या मालकीचा, हेही एकदा बोलायला पाहिजे.

तर काय करायचं?

पहिलं. पुढचा अंक श्वासावर निघेल. कवितांबरोबर माहिती हवी. आपापल्या चाळीत, वस्तीत, घाटकोपरच्या रमाबाई नगरात, मुलुंडच्या डोंगरावर, अंधेरी-बोरिवलीच्या झोपडपट्टीत घरोघर जा आणि चार प्रश्न विचारा. किती दिवस खोकला? पूल चढताना थांबावं लागतं का? आयुष्यात काय काय काम केलं? गावी कोण खोकतंय? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खाण, गिरणी, गोदी, नाका, कचरा, वीटभट्टी, ऊसतोड, सगळं वर्षांसकट लिहून घ्या. डॉक्टर लिहीत नाही ते आपण लिहू. ज्याला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे त्याला आधी टीबीच्या तपासणीला न्या. ती सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

दुसरं. मागण्या. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमीटर आणि ते चालवणारा माणूस. प्रत्येक आरोग्य केंद्रात पंप, बाराही महिने. फुले योजना रुग्ण ॲडमिट झाला की उपयोगी पडते, पण हा रोग रोजच्या पंपावर जगतो. ॲडमिट होण्याची वाट पाहणारी योजना म्हणजे टमटममध्ये मरण. राजस्थाननं २०१९ साली धुळीच्या रोगांसाठी धोरण केलं. दाखला मिळाला की मजुराला तीन लाख, मेल्यावर घरच्यांना दोन लाख. तिथल्या खाणमजुरांनी ते लढून मिळवलं. महाराष्ट्राची खडी काय कापसाची होती?

तिसरं. आपल्या घरातलं. पंप लागला की सवय लागते, ही बकवास बंद करा. चष्मा लागला म्हणून डोळे नशेबाज होतात का? गावी पैसे पाठवताना सिलिंडरचे पैसे वेगळे पाठवा. आणि कुठल्याही डॉक्टरनं "गावी न्या" म्हटलं तर विचारा : तिथं पंप आहे का, वीज आहे का, खिडकी आहे का, ऑक्सिजन किती किलोमीटरवर? मी विचारलं नाही. मला जागा हवी होती.

बापाची खोलीतली जागा आता रिकामी आहे. बहिणीचं पोरगं तिथं झोपतं. परवा रात्री ते खोकलं आणि मी उठून बसलो. साधी सर्दी आहे, सकाळी बरं होतं. पण गोदीत परवा खताची गोणी फाटली आणि तोंडावर धुरळा उडाला, तेव्हा मुकादमाला म्हणालो, मास्क दिल्याशिवाय पुढची गोणी उचलणार नाही. टोळीतले आणखी चार जण थांबले. ठेकेदारानं संध्याकाळी मास्क आणले. नऊ माणसांत पाच. उरलेले चार आणेपर्यंत आम्ही परत थांबणार आहोत.

चुलतीला या महिन्यात मुंबईला आणतो आहे. तपासायला. लोक म्हणतात, गावची मोकळी हवा सोडून कशाला आणतोस?

जय भीम.